‘पोलिटिकल करन्सी’: दोन माजी प्रतिस्पर्ध्यांच्या साप्ताहिक गप्पा

जॉर्ज ऑस्बर्न ब्रिटनचे अर्थमंत्री असताना समोरच्या बाकावरून मजूर पक्षाचे एड बॉल्स तळहात आडवा फिरवून अर्थव्यवस्था सपाट पडल्याची खूण करीत. २०१५ मध्ये बॉल्स अवघ्या ४२२ मतांनी हरले आणि पुढच्याच वर्षी नव्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी हुजूर पक्षाच्या ऑस्बर्न यांना मंत्रिमंडळातून वगळले. आपल्याकडे असा नेता ‘माजी’ होत नाही, फलकावर लगेच ‘भावी’ होतो. या दोघांनी मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये मिळून एक पॉडकास्ट सुरू केला.

दर गुरुवारी येणारा हा कार्यक्रम मी बराच काळ ऐकत आहे. त्याचा खरा कस अर्थसंकल्पाच्या आठवड्यात लागतो. बॉल्स हे १९९७ मध्ये, व्याजदर ठरवण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडकडे सोपवला गेला तेव्हा, तत्कालीन अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांचे सल्लागार होते. तर अर्थव्यवस्थेचे आणि सरकारी जमाखर्चाचे स्वतंत्र अंदाज बांधणारी संस्था २०१० मध्ये ऑस्बर्न यांनीच स्थापन केली. त्यामुळे या संस्थेच्या अंदाजांच्या एकामागून एक येणाऱ्या फेऱ्यांमुळे अर्थमंत्र्याचे बेत कसे बदलतात, कोणती बातमी आधीच बाहेर सोडली जाते आणि पंतप्रधानांना कोणत्या क्षणी विश्वासात घ्यावे लागते, हे त्यांच्या तोंडून ऐकताना वृत्तवाहिन्यांवरची चर्चा फारच वरवरची वाटू लागते. ऑस्बर्न यांच्याच २०१२ च्या अर्थसंकल्पात गरम पेस्ट्यांवर, म्हणजे तिकडच्या सारण भरलेल्या पावांवर, २० टक्के कर लावण्याचा प्रस्ताव होता आणि सुमारे दोन महिन्यांत तो गुंडाळावा लागला. अशी फजिती भोगलेला माणूस दुसऱ्याच्या चुकीविषयी बोलतो, तेव्हा त्या बोलण्याला वजन येते.

उणीव आहे ती याच जवळिकीत. ऑस्बर्न यांच्या काटकसरीच्या धोरणाने स्थानिक स्वराज्य संस्थांचा निधी मोठ्या प्रमाणात आटला, आणि ‘कपात फार खोल, फार घाईची’ हा तेव्हा बॉल्स यांचाच आक्षेप होता. आज तो विषय निघाला की आवाजातली धार जाते आणि दोन निवृत्त पैलवान एकमेकांच्या जुन्या डावांचे कौतुक करीत असल्यासारखे वाटते. ज्याच्या गावातले वाचनालय बंद झाले त्याची बाजू मांडायला तिथे तिसरे कोणी नसते. शिवाय बॉल्स यांच्या पत्नी इव्हेट कूपर जुलै २०२४ मध्ये गृहमंत्री आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या. हे नाते लपवलेले नाही, पण त्या खात्यांवरच्या चर्चेत बॉल्स यांचा शब्द श्रोत्याला थोडा तोलूनच घ्यावा लागतो.

वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, परिभाषेची तोंडओळख नसलेल्या मराठी श्रोत्याला पहिले दोन-तीन भाग जड जातील. पॉडकास्ट विनामूल्य आहे, जाहिराती सोसाव्या लागतात. श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे वेगळे भागही असतात. ते हलकेफुलके आहेत, वगळले तरी चालतील. सुरुवात करायची असेल, तर एखाद्या अर्थसंकल्पाच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन भाग लागोपाठ ऐकावेत.