पाकिटावरची लिंक मेली तर काय करायचं? टाइनीयूआरएल ही लांब लिंक छोटी करून देणारी सेवा दोन हंगाम वापरल्यावर

माझा धंदा हळद पावडर आणि बेदाण्याचा. राजापुरी हळद सांगलीच्या मार्केट यार्डातून घेते, बेदाणे तासगावकडचे. विश्रामबागेत घराच्या खालच्या खोलीत पॅकिंग चालतं, आणि निम्म्याहून जास्त ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवरून नाहीतर माझ्या छोट्या वेबसाइटवरून येतात. त्यामुळे लिंक हा माझ्या दुकानाचा दरवाजाच आहे.

वेबसाइटवरच्या पानांची नावं मी हौसेनं मराठीत ठेवली होती. लिंक कॉपी केल्यावर त्याचं काय होतं ते तेव्हा कळलं. नुसता ‘हळद’ हा तीन अक्षरी शब्द टक्क्याची चिन्हं आणि आकड्यांची २७ चिन्हांची माळ होऊन बसतो. अशी चार ओळींची लिंक पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला पाठवली, तर काकूंचा लगेच फोन. “अगं, हे काय पाठवलंयस? दाबू का नको? आमच्या शेजारणीचे असंच काहीतरी दाबून पैसे गेले.” हळद त्यांना हवी होती, पण हात धजेना. त्या दिवशी ऑर्डर मी फोनवरच लिहून घेतली.

मग छोट्या लिंका सुरू केल्या. पहिल्यांदा जी सेवा घेतली तिचं नाव घेत नाही. तिच्यावरून क्यूआर कोड बनवला आणि ५०० पाकिटांवर छापून घेतला. फुकटची मुदत संपली आणि कोड स्कॅन केल्यावर माझ्या पानाऐवजी त्यांचं ‘पैसे भरा’चं पान उघडायला लागलं. उरलेल्या पाकिटांवर सासूबाई आणि मी दोन संध्याकाळ बसून स्टिकर चिकटवले. हळदीच्या पाकिटाला हात लावला की बोटं पिवळी होतात, तो पिवळा रंग पांढऱ्या स्टिकरवर उठत होता. ते बघून जीव चुटपुटला.

टाइनीयूआरएल घेताना म्हणून पहिली गोष्ट बघितली ती वय. ही सेवा २००२ पासून चालू आहे. छोटी लिंक म्हणजे मधला निरोप्या असतो. ब्राउझर आधी त्याच्याकडे जातो, तो खरा पत्ता सांगतो, मग आपलं पान उघडतं. निरोप्यानं दुकान बंद केलं की आपली सगळी छपाई वाया. गूगलची अशी सेवा २००९ला आली आणि मार्च २०१९मध्ये तिनं नव्या लिंका बनवून देणं थांबवलं, मग बाकीच्यांचं काय सांगावं? जुनी सेवा म्हणजे कायमची हमी नव्हे, पण मला तेवढा आधार पुरला.

वापरायला सोपी आहे. खातं काढावं लागत नाही; लांब पत्ता चिकटवायचा, शेपूट, म्हणजे छोट्या लिंकचा शेवटचा भाग, आपल्या मनासारखं द्यायचं. मी सांगली, हळद आणि हंगामाचं वर्ष असं रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं वापरून देते. आपोआप मिळणारी अगम्य अक्षरं कधीच ठेवत नाही. नाव वाचता आलं की गिऱ्हाईक बिचकत नाही, आणि फोनवर तोंडी सांगताही येतं. तरीही कुणाला शंका आली तर पत्त्याच्या अगदी सुरुवातीला रोमनमध्ये ‘प्रिव्ह्यू’ आणि टिंब टाकायला सांगते. लिंक कुठे नेणार ते आधी दिसतं. काकूंना हे फार आवडलं.

खरा फायदा वेगवेगळ्या लिंकांचा. पान एकच, पण इन्स्टाग्रामची लिंक वेगळी, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसची वेगळी, प्रदर्शनाच्या स्टॉलची वेगळी, पाकिटाची वेगळी. लांब पत्त्याला आधी यूटीएम खुणा जोडायच्या (कुठून आला, कशातून आला, कुठली मोहीम) आणि मगच तो छोटा करायचा. उलटं केलं तर हिशेबाचा घोळ होतो, मी केलेला आहे. आकडे मी गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये बघते, वेबसाइटवर कोण कुठून आलं ते त्यात मोजलं जातं. इन्स्टाग्रामवरून माणसं भरपूर येतात, बघतात आणि जातात. पाकिटावरचा कोड स्कॅन करणारे थोडेच, पण ते बहुतेक परत हळद मागवतात. हे दिसल्यावर इन्स्टाग्रामच्या जाहिरातीचे पैसे कमी केले आणि पाकिटाची छपाई सुधारली.

छोट्या लिंकचा क्यूआर कोडही सुटसुटीत होतो, चौकोन कमी आणि मोठे. १०० ग्रॅमच्या पाकिटावर जागा ती किती असते? लांब लिंकचा कोड तिथे गिचमीड व्हायचा. पिवळ्यावर तपकिरी कोड शोभतो, पण फोनला तो नीट वाचता येत नाही. पांढऱ्यावर काळाच हवा.

अडचण एकच, पण मोठी. खात्याशिवाय बनवलेली लिंक नंतर दुसरीकडे वळवता येत नाही. शेपटात स्पेलिंग चुकलं तर चुकलंच. म्हणून मी लिंक कायम टिकणाऱ्या पानाकडेच ठेवते आणि भाव, हंगाम, ऑफर त्या पानात बदलते. आणि धंद्याच्या एसएमएसमध्ये ही लिंक घालूच नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायच्या (दूरसंचार क्षेत्रावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमानं आधी नोंदवलेल्या लिंकाच त्यात चालतात, बाकीचा मेसेज अडवला जातो. शिवाय मराठी एसएमएसला एका मेसेजमध्ये ७०च अक्षरं मिळतात. तिथे माझ्या वेबसाइटचा नोंदवलेला साधा पत्ता टाकते.

पाचपैकी चार तारे. नव्या हंगामाचं पाकीट परवा छपाईला दिलं. प्रूफ आल्यावर माझा, सासूबाईंचा आणि प्रेसमधल्या मुलाचा, अशा तीन फोनवर कोड उघडून बघितला, आणि मगच सही केली.