नवे विद्यापीठ, सामावून घेणे की समूह? संस्थाचालकांसाठी तुलना

नागपूरला विद्यापीठाच्या वाटण्या करण्याचा अनुभव भरपूर आहे, एकत्र नांदण्याचा मात्र फारसा नाही. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठातून १९८३ मध्ये अमरावती आणि २०११ मध्ये गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले. २०२३ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेनेही स्वतंत्र विद्यापीठ म्हणून वेगळी चूल मांडली. त्यामुळे येथील ज्या संस्थाचालकांपुढे आज एकत्रीकरणाचा प्रस्ताव आहे, त्यांना दाखले बाहेरूनच घ्यावे लागतात.

पहिल्या मार्गात जुन्या संस्था विसर्जित होऊन नवी संस्था उभी राहते. मँचेस्टरमध्ये २००४ साली व्हिक्टोरिया विद्यापीठ आणि युमिस्ट ही तंत्रज्ञान संस्था यांचे असेच झाले आणि नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ॲलन गिल्बर्ट मेलबर्नहून आले. फिनलंडमध्ये २०१० साली तंत्रज्ञान, व्यवसाय आणि कला या क्षेत्रांतील तीन संस्थांतून आल्टो विद्यापीठ साकारले, तेव्हा तूला तेरी यांना स्टॉकहोमहून आणण्यात आले. बाहेरच्या नेतृत्वामुळे ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ कुलगुरू हा वाद मिटतो. पण कोणत्या विभागात कोणाचा शब्द चालतो हे नवागताला उमगेपर्यंत कारभार जुनी मंडळीच हाकतात.

दुसरा मार्ग सामावून घेण्याचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तेथील शिक्षणशास्त्र संस्था २०१४ साली विलीन झाली, ती आपले नाव टिकवून आणि आधी दोन वर्षे औपचारिक सहकार्य करून. एक संस्था उघडच मोठी असेल, तर मला हाच मार्ग प्रामाणिक वाटतो, कारण बरोबरीची भाषा करून गिळंकृत होणे अधिक जिव्हारी लागते.

तिसरा मार्ग समूह विद्यापीठाचा, म्हणजे काही महाविद्यालयांनी एकत्र येऊन एक विद्यापीठ करण्याचा, आणि आपल्याकडे सध्या त्याचेच आकर्षण अधिक आहे. मात्र मुंबईच्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात एकत्र आलेली एल्फिन्स्टन, सिडनहॅम आदी महाविद्यालये शासकीय होती, तर साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठातील महाविद्यालये रयत शिक्षण संस्थेची. म्हणजे दोन्हीकडे चालक एकच होता. दोन वेगळ्या संस्थांनी समूह केला, तर कुलगुरूंच्या डोक्यावर दोन कार्यकारिणी बसतील.

कार्यसंस्कृतीचा प्रश्न तिन्ही मार्गांत येतोच. स्वायत्त महाविद्यालयातील प्राध्यापकाला स्वतःची प्रश्नपत्रिका स्वतः काढण्याची सवय असते, तर संलग्न महाविद्यालयातील प्राध्यापक विद्यापीठाच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून असतो. एकत्रीकरणाच्या अशाच एका प्राथमिक बैठकीत मी उपस्थित होतो. इतिवृत्तात कोणत्या प्राचार्यांचे नाव आधी यावे, यावर पाऊण तास गेला; वर्णानुक्रम ठरला, तर तो नावाचा की आडनावाचा, अशी शंका निघाली. एकत्रित सेवाज्येष्ठता यादी आणि बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंद) मात्र ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकलली गेली आणि तेवढ्यात वेळ संपली.

माझे मत असे की, चालक संस्था एकच असेल तर समूह करावा. दोन तुल्यबळ संस्था असतील, तर नवे नाव आणि बाहेरचे कुलगुरू यांचा खर्च सोसावा, आणि ती निवड विलीनीकरणाच्या तारखेआधी जाहीर करावी. मार्ग कोणताही निवडला, तरी पहिल्या संयुक्त बैठकीच्या विषयपत्रिकेवर विषय क्रमांक एक सेवाज्येष्ठता यादीचाच असावा आणि तिची प्रत सर्व शिक्षकांना आठवडाभर आधी मिळावी.