क्लोज्ड-बॅक हेडफोन : नऊ महिने रोज वापरल्यावर

ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून त्या लिहून काढणे हे माझे काम असल्यामुळे हेडफोन दिवसाचे पाच-सहा तास माझ्या कानांवर असतात, आणि त्याच खोलीत आणखी माणसे बसत असल्याने ते क्लोज्ड-बॅक, म्हणजे कपांची पाठ बंद असलेलेच घ्यावे लागतात. जाळीदार पाठीच्या हेडफोनमध्ये हवा खेळती राहते आणि कान तापत नाहीत हे खरे, पण मग मुलाखत शेजारच्यालाही ऐकू जाते. खर्चाची मर्यादा आधीच ठरलेली होती. सध्याचा हेडफोन हा माझा दुसरा. पहिला चार महिन्यांत कपाटात गेला. दोन्हींची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण माझ्या डोक्याला जे बसले ते दुसऱ्याच्या डोक्याला बसेलच असे नाही.

पहिला मी दहा मिनिटे ऐकून घेतला होता. आवाज भरदार होता, वजन कमी होते, आणि दहा मिनिटांत कोणताही हेडफोन सुखाचाच वाटतो. त्रास सुरू व्हायचा तो साधारण चाळिसाव्या मिनिटाला. कपाच्या आतली पोकळी उथळ असल्याने उजव्या कानाची वरची कड ड्रायव्हरवरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरवरच्या, पातळ कापडाला टेकत असे. सुरुवातीला नुसता स्पर्श, मग खाज, आणि तासाभराने असे दुखणे की हेडफोन काढल्यावरही कान लाल दिसायचा. वजन, ड्रायव्हरचा व्यास, मानवी कानाच्या २० ते २०,००० हर्ट्झच्या आवाक्यापलीकडची आकडेवारी हे सगळे खोक्यावर ठळक छापलेले होते. पोकळी किती लांब, किती रुंद आणि किती खोल, हे मात्र कुठेच नव्हते. ड्रायव्हरच्या व्यासाला तर मी आता फारसे महत्त्वच देत नाही. १९९१ पासून स्टुडिओंमध्ये वापरात असलेल्या सोनी एमडीआर-७५०६ चा ड्रायव्हर ४० मिलिमीटरचाच आहे.

दुसऱ्या खेपेला मी आधी स्वतःचा कान मोजला. हे ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण पट्टीने मोजल्यावर माझा कान ६५ मिलिमीटर उंच आणि डोक्यापासून २२ मिलिमीटर बाहेर आलेला निघाला, आणि पहिल्या हेडफोनची पोकळी जेमतेम १७ मिलिमीटर खोल होती. सगळ्या दुखण्याचे मूळ त्या पाच मिलिमीटरांत होते. मग पुढचा शोध सोपा झाला : पोकळी लांबट आणि खोल हवी, उशी, म्हणजे पॅड, बदलता येणारी हवी आणि केबल निघणारी हवी. आवाजाचा विचार मी त्यानंतर केला.

क्लोज्ड-बॅक हेडफोनमध्ये सुख आणि आवाज वेगळे काढता येत नाहीत, हे मला फार उशिरा उमगले. पॅड कानाभोवती सगळीकडून टेकले तरच खर्जाचे सूर टिकतात. कुठे फट राहिली की ते तिथून निसटतात आणि आवाज पातळ होतो. मी चष्मा वापरतो, आणि चष्म्याची काडी बरोबर तशी फट पाडते. हेडफोन लावून एखादे ओळखीचे गाणे सुरू करावे आणि काड्या दोन बोटांनी कानांवरून किंचित उचलाव्यात. माझ्या पहिल्या हेडफोनमध्ये तेवढ्याने पॅड नीट टेकत आणि नाहीसा झालेला खर्ज एकदम परत येत असे. सध्याच्या हेडफोनचे पॅड मऊ आहेत, त्यामुळे काडी त्यात रुतते आणि फरक थोडाच पडतो. जाड काड्यांची फ्रेम बदलून बारीक काड्यांची घेतल्यावर तोही जवळजवळ गेला.

पकड घट्ट असली की बाहेरचा आवाज अधिक अडतो, पण जबड्यामागे आणि काड्यांखाली दुखू लागते. माझ्या हेडफोनची पकड पहिल्या आठवड्यात जास्त होती. रोज रात्री तो माझ्या डोक्यापेक्षा जरा रुंद अशा पुस्तकांच्या चळतीवर चढवून ठेवला, तेव्हा पाच-सहा दिवसांत ती सैलावली. डोक्यावरच्या पट्ट्यात धातूची पात असेल तरच हा उपाय करावा. नुसत्या प्लास्टिकच्या पट्ट्याला तडा जाण्याचा धोका असतो, आणि अति सैल केलेली पकड पुन्हा घट्ट करणे कठीण असते.

बाहेरचा आवाज किती अडतो याबद्दल अपेक्षा बेताची ठेवावी. कीबोर्डची टकटक जवळजवळ जाते, बोलणे अस्पष्ट होते, पण पंख्याची घरघर मात्र तशीच राहते, कारण खालच्या पट्टीचा आवाज नुसत्या पॅडला दाद देत नाही. तरीही मुलाखत ऐकताना आवाज पूर्वीपेक्षा तीन घरे खाली ठेवून भागते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे; माझे तास तिच्या जवळपास जात असल्याने ही तीन घरे मला मोलाची वाटतात. उलट बाजू अशी, की कान बंद असल्यावर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, त्यामुळे फोनवर बोलताना मी एक कप मागे सरकवून ठेवतो.

इम्पिडन्सबद्दल, म्हणजे हेडफोन विजेच्या प्रवाहाला करतो त्या विरोधाबद्दल (तो बराच जास्त असला की मोबाइलचा जोर पुरत नाही), थोडक्यात : माझा हेडफोन ३२ ओहमचा आहे आणि मोबाइलवर पुरेसा वाजतो. बेयरडायनॅमिक डीटी ७७० प्रो हे मॉडेल ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळत आले आहे. त्यातला २५० ओहमचा प्रकार थेट मोबाइलला जोडण्यासाठी नाही. स्वस्तात मिळतो म्हणून असा हेडफोन घेतला, तर अँप्लिफायरचा खर्च मागून येतो.

सातव्या महिन्यात पॅडचे कृत्रिम कातडे सोलवटू लागले. घाम आणि त्वचेचे तेल लागून ते असे होणारच, पण कानामागे काळे कण चिकटू लागल्यावर बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. जुने पॅड एका कडेला नख घालून ओढले की सुटतात. नव्याची पातळ झालर मात्र कपाच्या खाचेत बसवताना एका बाजूने आत सारली की दुसऱ्या बाजूने बाहेर येते. पहिल्या कपाला माझी वीस मिनिटे गेली, दुसऱ्याला चार. या वेळी मी मखमली पॅड घेतले. कान आता तापत नाहीत आणि काडीचा जाच आणखी कमी झाला, मात्र खर्ज स्पष्टपणे उतरला आणि खोलीतली कुजबुज आत येऊ लागली. बोलणे ऐकायला याने काही बिघडत नाही. संध्याकाळी गाणी ऐकताना उणीव जाणवते, आणि तेवढ्यासाठी पुन्हा झालरीशी झटापट करण्याची माझी तयारी नाही.

एक तक्रार उरली आहे. चौथ्या तासानंतर टाळूवर, पट्ट्याच्या मधोमध, रुपयाएवढी जागा दुखू लागते, कारण पट्ट्याखालची गादी आता चेपली आहे आणि ती पॅडसारखी बदलता येत नाही. तूर्त मी दर तासाला पट्टा बोटभर पुढे किंवा मागे सरकवतो.