पुन्हा पहिलं वर्ष की थेट दुसरं?

पुण्यात बी.कॉम.चं पहिलं वर्ष करून सोलापूरला परतणारी भाची या पेचात आहे. नव्याने पहिल्या वर्षाला कागद मोजकेच: बारावीची गुणपत्रिका, दाखला, आधार, लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र. पण वर्ष जातं, फी पुन्हा भरावी लागते, आणि मला तेच जास्त खुपतं.

थेट दुसऱ्या वर्षाला दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका, मायग्रेशन सर्टिफिकेट (एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जाण्याचा दाखला), सोलापूर विद्यापीठाची पात्रता-मंजुरी आणि एबीसी खात्यात (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्याचं ऑनलाइन क्रेडिट खातं) जमा झालेले क्रेडिट, म्हणजे उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक, लागतात. हेलपाटे होतात. खरी मेख मात्र अभ्यासक्रमात: विषय जुळले नाहीत तर राहिलेले पेपर डोक्यावर बसू शकतात. म्हणून दोन्हीकडचे अभ्यासक्रम छापून आधी इथल्या कॉलेजात दाखवा, होकार मिळाल्यावरच तिकडचा दाखला काढा.

विषय बहुतांशी जुळत असतील तर थेट दुसरं वर्षच घ्यावं. शाखाच बदलायची असेल किंवा बॅकलॉग बरेच असतील, तर नव्याने पहिलं.