जिताड्यासाठी जिवंत कोळंबी की लुअर?

खाडीवर जिताडा हा शिकारी मासा गरवायला (गळाने धरायला) लागलं की एक निर्णय लवकरच घ्यावा लागतो. बादलीत जिवंत कोळंबी घेऊन एका जागी बसायचं, की लुअरची, म्हणजे नकली आमिषांची, डबी पिशवीत टाकून काठाकाठाने फिरायचं? दोन्ही एकदम करू म्हटलं तर एकही धड होत नाही. कोळंबीला बादली, एअरपंप आणि बैठक लागते. लुअरला मोकळे हात लागतात आणि चालायची तयारी लागते. रायगडातल्या खाड्यांवर, रेवदंड्याकडे, धरमतरच्या आतल्या फाट्यांवर, राजपुरीला, मी दोन्ही रीतींनी भरपूर गरवलं आहे. हल्ली माझ्या दोरीला बहुतेक वेळा लुअरच असतो. पण कोळंबीची बाजू लंगडी आहे असं मुळीच नाही, आणि वर्षातले काही महिने तर तिच्यावाचून अडतंच.

रॉड आणि रीलवर फार वेळ घालवू नका, दोन्ही पद्धतींना एकच जोडी चालते. सात फुटी, मध्यम-जड स्पिनिंग रॉड, 4000 साइजचं रील, 20 ते 30 पाउंड ताण सोसणारी ब्रेडेड (विणलेली) लाइन आणि तिच्यापुढे दोनेक हात 40 पाउंडाचा लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा. लीडरवर मात्र काटकसर नको. जिताड्याच्या जबड्याची आतली बाजू कानशीसारखी खरखरीत असते आणि कल्ल्याच्या झाकणाची कड इतकी धारदार, की पाण्याबाहेर उडी मारून त्याने डोकं झटकलं की नुसती ब्रेडेड लाइन तिथेच तुटते.

बेटकास्टर रील (ज्याचा दोरी गुंडाळलेला स्पूल फेकताना स्वतः फिरतो) घेऊ का, असं पुष्कळ जण विचारतात. अमेरिकेत लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा गरवणारे ते वापरतात आणि व्हिडिओत त्यांचं काम बघून मोह होतो. तिथे तळ्यातल्या वनस्पतींच्या जाळीत जड लुअर नेमका टाकायचा असतो, त्या कामाला ते उत्तमच आहे. आपल्याकडे दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो. दहा-बारा ग्रॅमचा लुअर त्या वाऱ्यावर फेकला की लुअर मंदावतो, स्पूल मात्र फिरतच राहतो आणि दोरीचा गुंता होतो. अंधारात, चिखलात उभं राहून तो सोडवणं नकोसं होतं. ज्यांचा हात बसला आहे त्यांचं ठीक, पण पहिलं रील स्पिनिंगच बरं. बाससाठी आलेल्या लुअरवरचे तिहेरी गळही तपासून घ्या. मोठा जिताडा बारीक तारेचे गळ सरळ करून निघून जातो. जाड तारेचे गळ वेगळे मिळतात, ते बदलून मगच लुअर पाण्यात टाकावा.

आता कोळंबी. खाडीतली ताजी, बोटभर लांबीची, चांगली तडफडणारी कोळंबी मिळाली तर जिताड्याला याहून मोठं आमंत्रण नाही. गळ लावायची जागा ठरलेली आहे: डोक्यावर जी करवत असते तिच्या मुळाशी, आत दिसणाऱ्या काळ्या ठिपक्याला धक्का न लावता. ठिपक्यात गळ गेला की कोळंबी लगेच मरते. नीट लागला तर बराच वेळ पाय हलवत, मधूनच मागे उसळी घेत राहते, आणि ती उसळीच जिताड्याला बोलावते. वर फ्लोट (दोरीवरचा तरंगता तुकडा), तळापासून दीड-दोन फूट उंचीवर कोळंबी, आणि फ्लोट प्रवाहाबरोबर बांधाच्या कडेने वाहू द्यायचा. जिताडा भक्ष्य चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो. रात्री शांत पाण्यावर तो ‘भॉक’ असा आवाज आला की लांबूनही कळतं.

या पद्धतीत गळ सर्कलच (टोक आत वळलेला) वापरा. फ्लोट बुडाल्यावर झटका द्यायचा नाही, फक्त दोरी ताणून घ्यायची. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. साधा जे-आकाराचा गळ मासा पार घशात नेतो, आणि मग लहान जिताडा सोडायचा म्हटलं तरी तो जगेल याची खात्री देता येत नाही.

कोळंबी जिवंत ठेवणं हे वेगळंच काम आहे. बादलीत खाडीचंच पाणी हवं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने ती मरते. एअरपंप सतत चालू हवा. ऊन चढलं की बंद बाटलीत गोठवलेलं पाणी बादलीत सोडायचं. सुटा बर्फ टाकला तर तो वितळून पाण्याचा खारटपणा बदलतो. एवढं करूनही दुपारपर्यंत निम्म्या कोळंब्या पांढुरक्या पडतात. पण हा त्रास मी वर्षानुवर्षं आनंदाने काढला असता. मला कोळंबीपासून दूर नेलं ते शिंगाळ्याने.

शिंगाळा हा मासा तळाशी हिंडतो आणि मिशांनी वास हुंगत येतो. कोळंबी त्याच्यासाठी नसते, पण तिचा वास त्याला सर्वांत आधी लागतो. फ्लोटने ती तळापासून वर ठेवली तरी ओहोटीचा ओढा वाढला की दोरी तिरपी होते, शिसं वाढवावं लागतं आणि कोळंबी खाली जाते. मग फ्लोट थरथरतो, बाजूला सरकतो, बुडतो. दोरी ताणली की जडपणा जाणवतो, पण उडी नाही, धाव नाही, नुसती डोक्याची घुसळण. वर येतो तो शिंगाळा. येताना गोल गोल फिरून त्याने लीडरला पीळ घातलेला असतो आणि त्यावर बोटभर चिकट बुळबुळीत थर चढलेला असतो. तो थर कापडाने पुसल्याशिवाय गाठ दिसत नाही.

आणि खरा त्रास इथून पुढे. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांपाशी एकेक असे तीन काटे असतात. बाहेर काढल्यावर ते ताठ उभे होतात आणि तिथेच अडकून राहतात, हाताने दाबून मिटत नाहीत. काट्याला बारीक दाते असतात आणि वरच्या आवरणात विष. बोटात गेला तर कोपरापर्यंत ठणका मारतो. (घरी किंवा जवळच्या टपरीवर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, वेदना उतरते. काटा मोडून आत राहिला असेल तर डॉक्टरकडे जाणं टाळू नका.) म्हणजे प्रत्येक शिंगाळ्यामागे मासा कापडात धरा, पक्कडीने गळ काढा, लीडर पुसा, पीळ सोडवा, नाहीतर नवा लीडर बांधा, दुसरी कोळंबी लावा. जिताडा गरवण्याची खरी वेळ ओहोटीच्या शेवटच्या टप्प्यात थोडीच असते. ती अशी शिंगाळे सोडवण्यात गेली की जीव तळमळतो. माझ्या अनुभवात कोळंबीवर ज्या दिवशी जिताडा लागला, त्या दिवशीही शिंगाळे त्याच्या कितीतरी पट लागले.

लुअरला वास नसतो, म्हणून शिंगाळा सहसा फिरकत नाही. सहसा म्हणतो, कारण सॉफ्ट प्लॅस्टिक, म्हणजे मऊ रबरासारखा लुअर, तळाशी फारच हळू ओढला तर एखादा धरतो. पण फरक इतका मोठा आहे की माझ्यापुरता प्रश्न तिथेच सुटला.

लुअरमध्ये सुरुवात सॉफ्ट प्लॅस्टिकने करावी: तीन-चार इंची, रुंद शेपटीचा, दहा ते चौदा ग्रॅमच्या जिगहेडवर (वजनदार डोकं असलेल्या गळावर). फेकायचा, तळाला लागू द्यायचा, रॉडचं टोक थोडं उचलायचं, पुन्हा पडू द्यायचा. मासा बहुतेक वेळा पडतानाच घेतो, त्यामुळे त्या क्षणी दोरी सैल सोडू नका. आपल्या खाड्यांच्या काठाला जिथे तिथे कालवं चिकटलेली असतात. त्यांच्या शिंपा दोरी कापतात आणि लुअर गिळतात. बऱ्यापैकी हार्ड (कडक अंगाच्या) लुअरला सात-आठशे रुपये सहज पडतात, तो असा गमावणं परवडत नाही. सॉफ्ट प्लॅस्टिकमध्ये गळाचं टोक आतच लपवून लावता येतं, त्यामुळे तिवरांच्या मुळांतूनही तो सुटून येतो. खर्चाच्या बाबतीत कोळंबी वरचढ आहे हे मान्य. पण कोळंबी रोज विकत घ्यावी लागते, आणि जिवंत कोळंबी देणारा कोळी भेटला नाही तर त्या दिवशी गरवणंच नाही. सॉफ्ट प्लॅस्टिकचं पाकीट पिशवीत पडून असतं.

हार्ड लुअर मी एका जागेसाठी राखून ठेवतो, ती जागा म्हणजे उघाडी. खारभूमीच्या बांधाला जिथे दारं असतात, तिथे ओहोटीला आतलं पाणी खाडीत धावतं आणि त्याच्याबरोबर लहान बोईट मासे, कोळंबी, खेकड्यांची पिल्लं वाहत येतात. जिताडा मधल्या जोराच्या धारेत ताकद घालवत नाही. धारेच्या कडेला, जिथे वेगाचं आणि संथ पाणी एकमेकांना घासून रेघ पडते, त्या रेघेच्या संथ बाजूला धारेकडे तोंड करून थांबतो. चार-पाच इंची, पाण्यात अधांतरी थांबणारा मिनो (लहान माशाच्या आकाराचा लुअर) त्या धारेत वरच्या अंगाला टाकायचा आणि वाहत येऊ द्यायचा. रेघेपाशी आला की दोन छोटे झटके द्यायचे आणि थांबवायचा. थांबवणंच सगळ्यांत कठीण, कारण हात आपोआप रील फिरवू बघतो. पण लुअर स्थिर असतानाच हाताला तो धक्का बसतो आणि रॉड वाकतो. कोळंबीवर मासा लागला तर काम कोळंबीचं असतं. इथे जागा ओळखली तुम्ही, लुअर नेला तुम्ही. मला हे जास्त भावतं, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

लुअरची मर्यादा एकच पण मोठी आहे: पाणी. जिताड्याला तो दिसला पाहिजे, निदान त्याची हालचाल जाणवली पाहिजे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडी तळापासून ढवळते आणि लुअर थंड पडतो. अष्टमी-नवमीच्या भांगाला (भरती-ओहोटी सर्वांत कमी असते तेव्हा) पाणी निवळतं, पण फारसं हलत नाही, मग मासाही हलत नाही. माझं बरं जमतं ते या दोहोंच्या मधल्या तिथ्यांना, पंचमी-षष्ठी किंवा एकादशी-द्वादशीच्या आसपास, जेव्हा ओढाही असतो आणि पाण्यात हातभर खोल नजरही जाते. तुमच्या खाडीत हे थोडं मागेपुढे होईल.

पावसाळ्यात मात्र कोळंबीच. जून लागला की खाडीचं पाणी तांबडं होतं आणि नवरात्राच्या सुमारापर्यंत निवळत नाही. त्या पाण्यात लुअर फेकत राहण्यापेक्षा वास आणि तडफड यांवरच भरवसा ठेवावा, शिंगाळे सोसावेत. सोबत लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तेव्हाही कोळंबीच बरी, बांधावर बसून फ्लोट बघायला त्यांना आवडतं.

त्याच महिन्यांत मोठे जिताडे खाडीच्या मुखाकडे अंडी घालायला जातात आणि त्यांची पिल्लं भरतीबरोबर आत येतात. खारेपाटात (खाडीकाठच्या खारजमिनीच्या पट्ट्यात) शहापूर-धेरंडकडे शेतकरी तळ्यात जिताडा वाढवतात, ती परंपरा याच पिल्लांवर उभी राहिली. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे खूप मोठा जिताडा बहुधा मादीच, आणि तिच्या पोटात लाखो अंडी असतात. लहान सोडावा हे सगळे सांगतात, माझी विनंती अशी की फार मोठाही सोडावा, मधला घरी न्यावा. लुअरवर मासा ओठाला लागतो, त्यामुळे सोडणं सोपं जातं. तिहेरी गळ असतील तर त्यांचे उलटे दाते पक्कडीने दाबून टाका. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सुटत नाही आणि तुमचा स्वतःचा हातही वाचतो.

पहिल्या खरेदीला पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवा: रॉड-रील, चांगला लीडर, सॉफ्ट प्लॅस्टिकची दोन पाकिटं नि पाच-सहा जिगहेड, पावसाळ्यासाठी थोडे सर्कल गळ. बादली-एअरपंप नंतर, एखादा हार्ड लुअर त्याच्याही नंतर. लांब नाकाची पक्कड मात्र पहिल्याच दिवशी घ्या आणि ती दोरीने कमरेला बांधा, चिखलात पडली की सापडत नाही.