व्हॅलेटाला कधी जावं? तापमानाचा तक्ता बाजूला ठेवा, वारा बघा

निकाल आधीच सांगून टाकतो. माल्टाची राजधानी व्हॅलेटा पायी फिरून बघायची असेल तर १५ एप्रिल ते मे अखेर हा सर्वोत्तम काळ. शहराबरोबर समुद्रात पोहायचंही असेल तर २० सप्टेंबर ते २० ऑक्टोबर. जुलै-ऑगस्ट त्यांच्यासाठीच, ज्यांना दुसरी सुट्टी मिळतच नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीबद्दल लोक टोकाची मतं देतात. ती दोन्ही बरोबर आहेत, कारण त्या तीन महिन्यांत सगळं खोली कशी मिळते यावर अवलंबून असतं.

पर्यटनाच्या जाहिरातींत 'वर्षभर छान हवामान' असं लिहिलेलं असतं. आकडे बघितले तर ते खोटं नाही. वर्षभरात साधारण ५५० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत, आणि जून-जुलै जवळजवळ कोरडे. पण हे शहर आकड्यांपेक्षा वेगळं वागतं. १५६५ च्या वेढ्यानंतर सेंट जॉनच्या सरदारांनी दोन बंदरांच्या मधल्या उंच, अरुंद, उघड्या कण्यावर ते वसवलं. एका बाजूला ग्रँड हार्बर, दुसऱ्या बाजूला मार्सामशेट. लांबी जेमतेम एक किलोमीटर, पण कण्यावरून कुठल्याही बंदराकडे निघालात की तीव्र उतार आणि पायऱ्यांच्या गल्ल्या. भिंती, पायऱ्या, तटबंदी, सगळं पिवळसर चुनखडीचं. हा दगड उन्हात तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. पावसात तोच दगड, शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेला, साबण लावल्यासारखा निसरडा होतो. म्हणून इथला चांगला मोसम म्हणजे दगड तापलेलाही नाही आणि ओलाही नाही असा काळ.

उन्हाळ्याचं परीक्षण थोडं कठोर होणार आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कमाल तापमान ३१-३२ अंश. आपल्याकडच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही, आणि फसगत इथेच होते. रात्रीचं तापमान २२-२३ च्या खाली फारसं उतरत नाही, हवेत दमटपणा असतो आणि दक्षिणेकडून सिरोक्को वाहू लागला की घाम वाळतच नाही. मुख्य रिपब्लिक स्ट्रीट नगरद्वारापासून सेंट एल्मो किल्ल्यापर्यंत सरळ जाते. दुपारी बाराच्या सुमाराला तिच्यावर सावलीची पट्टीसुद्धा उरत नाही. त्याच वेळी क्रूझ जहाजांतून उतरलेली गर्दी त्याच रस्त्यावर येते. विजेचाही प्रश्न आहे. जुलै २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत जमिनीखालच्या केबल्स निकामी होऊन बेटावर कित्येक दिवस वारंवार वीज जात होती. दरवर्षी असं होत नाही, पण वातानुकूलित खोलीच्या भरवशावर ऑगस्टचा बेत आखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तरीही उन्हाळ्यातच जावं लागलं तर दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी आठ ते साडेदहा रस्ते, तटबंदी आणि बागा. दुपार संग्रहालयात किंवा खोलीवर. संध्याकाळी सहानंतर पुन्हा बाहेर. जूनअखेरीस सूर्य सव्वाआठनंतर मावळतो, त्यामुळे हातात पुरेसा वेळ राहतो. अप्पर बराक्का बागेखालच्या तोफा दुपारी १२ आणि ४ वाजता डागतात. उन्हाळ्यात ४ ची वेळ निवडा, पण टोपी घालूनच, कारण कठड्यापाशी सावली नाही. बसचं तिकीटही उन्हाळ्यात महाग होतं: हिवाळ्यात २ युरो, उन्हाळ्यात अडीच, दोन तासांसाठी. भरलेली बस मधल्या थांब्यावर थांबत नाही. किनाऱ्यावरून परतताना हा ताप हमखास होतो, म्हणून शक्य असेल तिथे सुरुवातीच्या थांब्यावरूनच चढा.

उन्हाळ्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे: गावजत्रा. मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत कुठल्या ना कुठल्या चर्चच्या संताचा उत्सव चालू असतो. रोषणाई, बँड, आतषबाजी, सगळं पाहण्यासारखं. पण आवाजाचे बार सकाळी आठपासून उडतात आणि खिडक्या हादरतात. झोप हलकी असेल तर खोली घेण्याआधी त्या आठवड्यात त्या परिसरात उत्सव आहे का ते विचारा.

सप्टेंबरचा उत्तरार्ध हा बऱ्याच जाणकारांचा लाडका काळ आहे आणि त्याला कारण समुद्र. पाणी हवेपेक्षा सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. त्यामुळे सप्टेंबरमध्ये समुद्राचं तापमान २५ अंशांच्या आसपास आणि ऑक्टोबरमध्येही २३ च्या जवळ असतं. मे महिन्यात हवा तितकीच सुखद असते, पण पाणी जेमतेम १८-१९. मे आणि ऑक्टोबर तक्त्यात जुळे दिसतात, पण पोहणाऱ्यासाठी त्यांच्यात मोठं अंतर आहे. शिवाय १५ ऑगस्टच्या सुमारास लाम्पुकी माशाचा हंगाम सुरू होतो, तो डिसेंबरपर्यंत चालतो. पाण्यावर ताडाच्या झावळ्यांचे तराफे सोडतात, त्यांच्या सावलीला मासे जमतात आणि तिथे जाळं टाकतात. तळलेली लाम्पुकी किंवा पालक-ऑलिव्ह घातलेला लाम्पुकीचा 'पाय' (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) खायचा तर याच दिवसांत. एप्रिलमध्ये पानात येणारी लाम्पुकी बहुधा गोठवलेली असते.

शरद ऋतूतला धोका म्हणजे पहिला पाऊस. तो रिमझिम नसतो. तासाभरात कोसळून जातो आणि बेटावर नद्या नसल्यामुळे पाणी दऱ्यांमधल्या रस्त्यांवरून वाहतं. मसीदा आणि बिर्किरकारा हे सखल भाग तुंबतात, बस अडकतात. व्हॅलेटा उंचावर असल्याने तुंबत नाही, पण पायऱ्यांच्या गल्ल्यांचे ओहोळ होतात. अशा वेळी तासभर कॉफी घेत बसणं हाच उपाय. ऑक्टोबरमध्ये विमानतळावर जायचं असेल तर आभाळ बघून एक बस आधीची पकडा. नोव्हेंबरच्या ११ तारखेच्या आसपास पुष्कळदा काही उबदार दिवस येतात. स्थानिक लोक त्यांना सेंट मार्टिनचा उन्हाळा म्हणतात. त्यावर बेत आखू नका, मिळाले तर आनंद माना.

आता हिवाळा. जानेवारीत दिवसा १५-१६ अंश, रात्री ९-१०. युरोपच्या मानाने ही थंडी नव्हेच. मग लोक कुडकुडत का परततात? कारण थंडी घरात असते. जुन्या दगडी घरांत मध्यवर्ती हीटिंग नसतं, भिंती जाड आणि ओलसर, फरशी गार. बाहेर उन्हात शर्टावर फिरणारा माणूस खोलीत आल्यावर जाकीट चढवतो. तळघरातली किंवा तळमजल्यावरची सुंदर कमानींची खोली, फोटोत सर्वांत देखणी दिसणारी, जानेवारीत सर्वांत वाईट. कपडे वाळत नाहीत, गादीला दमट वास येतो. खोली घेताना तीन प्रश्न विचारा: एसी गरम हवा देतो का, ओल शोषणारं यंत्र आहे का, आणि विजेचे पैसे भाड्यात आहेत की मीटरप्रमाणे वेगळे. उन्हाळ्यात याच्या उलट. सपाट गच्चीखालची वरची खोली भट्टी होते, तेव्हा मधला मजला मागा. जिने अरुंद आणि उभे असतात, लिफ्ट गृहीत धरू नका.

एवढं सांभाळलं तर हिवाळा फार देतो. सेंट जॉन्स को-कथीड्रल या भव्य चर्चमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने १६०८ मध्ये रंगवलेलं बाप्टिस्ट जॉनच्या शिरच्छेदाचं प्रचंड चित्र आहे. मोसमात त्याच्यासमोर माणसांच्या डोक्यांतून वाट काढावी लागते, जानेवारीत ते निवांत बघता येतं. १८ व्या शतकातलं मानोएल नाट्यगृह उन्हाळ्यात शांत असतं. त्याचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मे, आणि जानेवारीत शहरात बरोक संगीताचा महोत्सव असतो. १० फेब्रुवारीला सेंट पॉलच्या जहाजफुटीचा सण. मूर्तीची मिरवणूक निघते, सज्जांतून कागदाच्या कपट्यांचा पाऊस पडतो. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू होण्याआधीचे पाच दिवस कार्निव्हल. त्या दिवसांत खोल्यांचे हिवाळी दर विसरा. बेटाचा ग्रामीण भाग नोव्हेंबर ते एप्रिल हिरवा असतो, दिंगलीच्या कड्यांवरून चालायला तोच काळ. उन्हाळ्यात तिथे सगळं करपलेलं असतं. हिवाळ्यातली एक अडचण मात्र टळत नाही: डिसेंबरात पाचच्या आत सूर्य बुडतो.

वसंताला पहिला क्रमांक का, तर एप्रिलच्या मध्यानंतर पाऊस जवळजवळ संपतो, वादळी वारे ओसरतात, दगड अजून तापलेला नसतो आणि दिवस तेरा तासांहून मोठा झालेला असतो. एप्रिल अखेरीस ग्रँड हार्बरवर आतषबाजीचा आंतरराष्ट्रीय महोत्सव होतो. कधीकधी सिरोक्को सहारातली धूळ घेऊन येतो आणि पाऊस पडला तर गाड्यांवर तांबडे ठिपके उमटतात. एक-दोन दिवसांत निवळतं. ईस्टरचा आठवडा मात्र विचार करून घ्या. गुड फ्रायडेच्या मिरवणुका दुर्मीळ देखण्या, पण त्या दिवशी दुकानं बंद आणि दर चढलेले. बदामाचं सारण भरलेली फिगोली ही मोठी बिस्किटं बेकऱ्यांत तेव्हाच मिळतात.

शीर्षकात वारा म्हटलं आहे ते यासाठी. व्हॅलेटातून निघणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सहलीचं यशापयश त्या दिवशी वारा कुठून आहे यावर ठरतं. बेटावर सर्वांत जास्त वाहतो तो वायव्येचा मज्जिस्ट्राल. तो जोरात असेल तेव्हा पश्चिमेकडचे गोल्डन बे आणि आयन तुफिहा हे वाळूचे किनारे लाटांनी खवळतात. त्या दिवशी आग्नेयेकडे मार्साश्लोकच्या बाजूला जा, तिथे पाणी शांत सापडतं. दक्षिणेचा वारा असेल तर उलट, आणि ब्लू ग्रोटो या दक्षिण किनाऱ्यावरच्या समुद्रगुहांकडच्या होड्याही बंद राहतात, तेव्हा तिकडची बस धरण्याआधी चौकशी करा. ईशान्येचा ग्रिगाल मुख्यतः हिवाळ्यातला आणि सर्वांत दांडगा, कारण दोन्ही बंदरांची तोंडं त्याच दिशेला उघडतात. ग्रँड हार्बरच्या तोंडाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाटारोधक बांध घातला तो याच्यासाठी. ग्रिगालमध्ये मार्सामशेटपलीकडच्या स्लीमाची आणि ग्रँड हार्बरपलीकडच्या 'तीन शहरां'कडची (तटबंदीची तीन जुनी गावं) फेरी बोट बंद पडू शकते. ती हिवाळ्यात तशीही लवकर संपते, म्हणून परतीची शेवटची वेळ जातानाच बघून ठेवा. तीन शहरांकडून परतताना धक्क्यावरून वर येण्यासाठी बराक्काची ५८ मीटर उंच लिफ्ट आहे. तिचा युरोभर खर्च ऑगस्टमध्ये अगदी वसूल होतो.

गोझो बेटासाठीही हाच हिशेब. व्हॅलेटाहून थेट जाणारी जलद बोट पाऊण तासात पोहोचवते, पण ती हलकी आहे आणि समुद्र खवळला की रद्द होते. उत्तर टोकाच्या चिरकेव्वाहून सुटणारी गाड्या नेणारी मोठी फेरी साधारण २५ मिनिटांची आणि बरीच भरवशाची. मात्र तिथवर बसने तास-सव्वा तास धरा. नोव्हेंबर ते मार्चमध्ये गोझो पहिल्या मोकळ्या, शांत दिवशी उरकून घ्या. ते शेवटच्या दिवसासाठी राखणं आणि संध्याकाळी विमान असणं हा सर्वांत वाईट जोड आहे. गोझोची प्रसिद्ध दगडी कमान, अझुर विंडो, बघायला निघाला असाल तर ती ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. जुने फोटो अजून फिरत असतात.

तारखा पक्क्या करताना आधी पाओलातल्या हाल साफ्लिएनी या भूमिगत प्रागैतिहासिक दफनस्थळाचं तिकीट बघा आणि विमान नंतर. आतली हवा जपण्यासाठी एका वेळी फक्त १० जणांना सोडतात, त्यामुळे मे आणि ऑक्टोबरची तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. को-कथीड्रल रविवारी पर्यटकांना बंद असतं. तेव्हा शनिवार-रविवारची धावती भेट असेल तर ते शनिवारी सकाळी नऊला गाठा, खांदे झाकलेले आणि टाचा सपाट, कारण टोकदार टाचांनी आतली संगमरवरी थडगी खराब होतात म्हणून दारातच अडवतात. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसा क्षेत्रात आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला नियमाने १५ दिवस आणि अडचण आली तर ४५ पर्यंत लागतात. मे महिन्याच्या सहलीसाठी फेब्रुवारीत अर्ज टाका.