बी-१२ कमी आलंय: गोळी घ्यावी की इंजेक्शन?

रिपोर्टमध्ये बी-१२ कमी दिसलं की घरात दोन तट पडतात. कुणी म्हणतं इंजेक्शनच घे, कुणी म्हणतं गोळीने भागेल. खरं तर आधी पाहायला हवं ते आपलं आतडं हे जीवनसत्त्व कसं घेतं ते.

अन्नातलं बी-१२ जठरात सुटं होतं. जठरातच स्रवणारं ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’ नावाचं प्रथिन त्याला पुढे धरून ठेवतं आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषली जाते. या प्रथिनाचा माग विल्यम कासल या अमेरिकन डॉक्टरांनी १९२०च्या दशकात काढला. ते निरोगी माणसाच्या जठरात तासभर राहिलेलं मांस बाहेर काढून नळीवाटे हे प्रथिन नसलेल्या रुग्णांना देत; रुग्ण सुधारत. नुसतं मांस खाऊन मात्र त्यांना गुण येत नसे.

या वाटेने एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम आत जातं. पण दुसरीही एक वाट आहे: कुणाच्याही मदतीशिवाय सुमारे एक टक्का बी-१२ आतड्याच्या अस्तरातून झिरपतं. म्हणजे १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून साधारण १० मायक्रोग्रॅम. रोजची गरज दोन-अडीचची! म्हणून मुख्य वाट बंद असलेल्यांनाही मोठ्या मात्रेची गोळी चालते. स्वीडनमध्ये कित्येक दशकं ती दिली जाते. मल्टिव्हिटॅमिनमधल्या चिमूटभर बी-१२ने हे साधत नाही, पाकिटावरचा आकडा वाचाच.

तुम्ही शाकाहारी असाल, दूध-दही बेताचंच घेत असाल आणि त्रास फक्त थकव्याचा असेल, तर माझा कौल गोळीला. तुमचं आतडं ठीक आहे, कमी आहे ती ताटात. मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनाही बहुधा गोळी पुरते. मात्र ती नेमाने घ्यायला हवी.

हातापायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा यांतलं काही असेल तर गोळीवर वेळ घालवू नका. सुरुवात इंजेक्शननेच व्हावी, कारण उशीर झाला तर नसांची हानी कायमची राहू शकते. सतत जुलाब-उलट्या होत असतील, आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असेल किंवा तिथे क्षयरोग असेल, तरीही डॉक्टर सहसा इंजेक्शनच निवडतात. ते आतड्याला वळसा घालून थेट स्नायूत जातं. पण जास्त इंजेक्शनं म्हणजे जास्त फायदा असं नाही. जादा बी-१२ बरंचसं लघवीवाटे निघून जातं.

स्वतःच्या मनाने नुसतं फॉलिक अ‍ॅसिड सुरू करू नका. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, पण आत नसांची झीज चालूच राहते. आणि रक्ततपासणी पहिल्या इंजेक्शनच्या आधी करून घ्या. नंतर आकडा इतका चढतो की मूळ कमतरता किती होती ते कळत नाही.